मॉडेलर, इंटरफेस आणि घरचं रेकॉर्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची कॉलेजातली पोरं हे प्रश्न विचारतात, आणि वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमांत वाजवत आलेली जुनी मंडळीही विचारतात. मॉडेलर म्हणजे अॅम्प, स्पीकर आणि इफेक्टचे आवाज डिजिटल पद्धतीने काढणारं यंत्र, आणि इंटरफेस म्हणजे गिटार-माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी. उत्तरं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. गिटारपासून लॅपटॉपपर्यंतच्या साखळीत प्रत्येक काम एकदाच व्हायला हवं. आवाज वाढवणं, कॅबिनेटचा (गिटार अॅम्पच्या स्पीकरच्या खोक्याचा) रंग चढवणं, वाजवणाऱ्याला ऐकवणं, यातलं एखादं काम दोन ठिकाणी झालं किंवा कुठेच झालं नाही, की तक्रार सुरू होते. खालच्या बहुतेक भानगडी त्यातूनच आलेल्या आहेत.

मॉडेलरलाच यूएसबी आहे. मग वेगळा इंटरफेस कशाला?

बऱ्याचदा खरंच नको. लाइन ६ चा हेलिक्स किंवा एचएक्स स्टॉम्प, बॉसचा जीटी-१ ही यंत्रं स्वतःच साउंड कार्ड आहेत. एकट्याने गिटार वाजवून रेकॉर्ड करायची असेल तर यूएसबी केबल लावा, कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि कामाला लागा. पण काही स्वस्त मॉडेलरची यूएसबी फक्त सेटिंग बदलायला आणि फर्मवेअर भरायला असते, तिच्यातून आवाज जात नाही. विकत घेण्याआधी एवढं नक्की पाहा.

इंटरफेस लागतो तो गायकाचा माइक आला की. गिटार मॉडेलरच्या यूएसबीतून आणि माइक इंटरफेसमधून, असं दोन्ही एकाच वेळी घ्यायला गेलात की विंडोज अडवतं, कारण बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरात नेणारा) धरतात. मॅकवर ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ करून दोन यंत्रं एकत्र बांधता येतात. तरी माझं मत विचाराल तर तिथेही जुगाड टाळावा. माइक आणि गिटार दोन्ही एकाच इंटरफेसमध्ये घाला, म्हणजे डिजिटल रूपांतर एका जागी होईल आणि आवाजाचे सॅम्पल मोजणारं घड्याळही एकच राहील. शिवाय स्पीकर इंटरफेसला कायमचे जोडलेले राहतात, दर वेळी वायरी उपटाव्या लागत नाहीत.

नेमकं कुठून कुठे जोडायचं?

मॉडेलरच्या मागे ‘आउटपुट एल/मोनो’ आणि ‘आर’ अशी दोन भोकं असतात. तिथून निघायचं आणि इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये शिरायचं. केबलच्या दोन्ही टोकांना मोठी पिन, म्हणजे साउंडवाले जिला पी-३८ म्हणतात ती. इंटरफेसचं इनपुट ‘लाइन’वर, ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) बंद.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. ‘गिटारच आहे ना, मग इन्स्ट्रुमेंटवर टाकतो,’ असं वाटणं साहजिक आहे. पण ‘इन्स्ट’ हे इनपुट नुसत्या गिटारसाठी असतं. पिकअपमधून येणारा सिग्नल अशक्त, म्हणून त्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १ मेगाओहम ठेवलेला असतो आणि पुढे तो वाढवायची सोय असते. मॉडेलरमधून बाहेर पडतो तो मात्र तयार, जोरकस सिग्नल. व्यावसायिक लाइन लेव्हल +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रांची −१० डीबीव्ही, म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. आधीच वाढवलेला सिग्नल पुन्हा वाढवणाऱ्या भोकात कोंबला की लाल दिवा लागतो, आणि गेन पूर्ण खाली आणला तरी तो विझत नाही.

उलटा प्रकारही होतो. हेलिक्स आणि एचएक्स स्टॉम्पच्या ग्लोबल सेटिंगमध्ये मोठ्या पिनच्या आउटपुटसाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ की ‘लाइन’ हे निवडावं लागतं. स्टेजवर अॅम्पला लावण्यासाठी कोणीतरी ते ‘इन्स्ट्रुमेंट’वर ठेवलेलं असतं आणि घरी आल्यावर आवाज बारीक का येतोय हे कळत नाही. दोन्ही टोकांना ‘लाइन’ करा.

इंटरफेसनुसार थोडा फरक पडतो. फोकसराइट स्कार्लेट २आय२ किंवा बेहरिंगर यूएमसी२०२एचडी असेल तर दोन्ही इनपुट लाइनवर घेता येतात. यूएमसी२२ मध्ये पहिलं कॉम्बो भोक (माइकची आणि मोठी, दोन्ही पिना घेणारं) माइक आणि लाइनसाठी आहे, दुसरं फक्त इन्स्ट्रुमेंटसाठी, त्यामुळे मॉडेलर पहिल्यात लावा. स्कार्लेट सोलोमध्ये एक एक्सएलआर (कॅनन पिनचं) माइक इनपुट आणि एक मोठ्या पिनचं इनपुट एवढंच मिळतं. म्हणजे तिथे मॉडेलर मोनोच घ्यावा लागतो.

मॉडेलरला एक्सएलआर आउटपुटही आहे. त्यातून काढलं तर चांगलं येतं का?

लांब केबलसाठी आणि स्टेजसाठी ते चांगलं. घरी टेबलावर दोन-तीन मीटर केबल असेल तर फरक ऐकू येणार नाही. अडचण वेगळीच आहे. कॉम्बो भोकात मोठी पिन घातली की सिग्नल लाइनच्या वाटेने जातो, एक्सएलआर, म्हणजे आपली कॅनन पिन घातली की माइक प्रीअॅम्पच्या (माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) वाटेने. तेव्हा एक्सएलआर वापरणारच असाल तर मॉडेलरच्या सेटिंगमध्ये ते आउटपुट ‘माइक’ लेव्हलवर करा आणि इंटरफेसचा गेन कमीत कमी ठेवा. एरवी मोठी पिन सोपी.

४८ व्होल्टचं बटण दाबलेलं राहिलं तर मॉडेलर जळेल का?

हे इंटरफेसवरचं बटण कंडेन्सर माइकला वीज पुरवतं. मोठ्या पिनवर तो करंट जात नाही, म्हणून तिथे काळजी नाही. एक्सएलआरने जोडला असेल तर मात्र ४८ व्होल्ट मॉडेलरच्या आउटपुटवर उलटे येतात. काही यंत्रं ते सहन करतात, काहींना ते झेपत नाही. आपल्याकडे नेहमीचा प्रसंग असा की गायकाला कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्ट हवेत, आणि अनेक छोट्या इंटरफेसवर ते बटण दोन्ही चॅनलला एकदम लागू होतं. अशा वेळी मॉडेलर मोठ्या पिनने लावा. वाद मिटला.

हेडफोनच्या भोकातून काढून इंटरफेसमध्ये घातलं तर आवाज पोकळ, कुठेतरी लांबून आल्यासारखा येतो. का?

कारण हेडफोनच्या स्टिरिओ पिनवर डावा आणि उजवा असे दोन वेगळे सिग्नल असतात. इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला तीच पिन दिली की ते भोक दुसरा सिग्नल पहिल्यातून वजा करतं. बॅलन्स्ड इनपुटचं कामच ते आहे, त्यामुळे केबलमध्ये शिरलेली खरखर मरते. पण इथे डावीकडे आणि उजवीकडे सारखं असलेलं सगळं मरतं, म्हणजे गिटारचा गाभाच. उरतो तो रिव्हर्ब आणि डिलेचा फेस. हेडफोनचं भोक कानांसाठी सोडा.

लेव्हल किती ठेवायची?

जोरात वाजवल्यावर सॉफ्टवेअरमधलं मीटर −१२ डीबीएफएसच्या (डिजिटल मोजपट्टी, शून्य म्हणजे कमाल) आसपास जावं, फार तर −६. शून्याला कधीही टेकू नये. २४ बिटवर रेकॉर्ड करा. तिथे आवाज थोडा कमी असला तरी काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. शून्याच्या पुढे गेलेलं मात्र परत येत नाही. कॅसेटच्या काळात हिस झाकायला लेव्हल वर ठेवायचे, ती सवय अजून काही जुन्या हातांत आहे. तिची आता गरज नाही.

पद्धत अशी: इंटरफेसचा गेन आधी पूर्ण खाली. मग मॉडेलरचा मास्टर व्हॉल्यूम वर आणत जा. कमी पडलं तरच इंटरफेसचा गेन थोडा द्या. स्कार्लेटवरचं ‘एअर’ बटण बंद ठेवा, आधीच रंगवलेल्या आवाजाला ते नसता चमचमाट देतं. आणि सगळ्यात जोरकस प्रीसेटवर (साठवलेल्या आवाजाच्या सेटिंगवर), सोलोचा बूस्ट दाबून लेव्हल लावा. क्लीन प्रीसेटवर लावलेली लेव्हल सोलोला फाटते.

एक खूण ध्यानात ठेवा. इंटरफेसचा दिवा हिरवा, मीटर शांत, तरी आवाज फाटतोय, तर तो मॉडेलरच्या आत फाटतोय. त्यातल्या एखाद्या ब्लॉकची (अॅम्प किंवा इफेक्टची) लेव्हल खूप वर गेलेली असते. बाहेरचा गेन कमी करून ते सुटणार नाही.

डिस्टॉर्शन लावलं की डब्यात कोंडलेल्या माशीसारखा कर्कश आवाज येतो. मॉडेलर खराब आहे का?

खराब नाही, कॅबिनेट सिम्युलेशन बंद आहे. गिटार अॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर पडू देत नाही. डिस्टॉर्शनमधला सगळा काटेरी भाग तोच गाळतो. कार्यक्रमात मॉडेलर खऱ्या अॅम्पला लावताना कॅबिनेट बंद करतात, कारण तिथे खरा स्पीकर असतो. घरी आल्यावर ते परत चालू करायचं राहून जातं.

आवाज उलट घोंगडीखालून आल्यासारखा दबलेला असेल, तर कॅबिनेट दोनदा लागलंय. एक मॉडेलरमध्ये, दुसरं सॉफ्टवेअरमधल्या प्लगिनमध्ये. एक काढा. कोणतं काढायचं? मी मॉडेलरचं ठेवतो, म्हणजे वाजवताना जे ऐकतो तेच रेकॉर्ड होतं. ज्यांना नंतर वेगवेगळे इम्पल्स रिस्पॉन्स (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचे डिजिटल नमुने) लावून पाहायचे आहेत त्यांनी मॉडेलरचं काढावं, पण मग वाजवताना प्लगिनमधून ऐकावं लागेल, आणि तिथे पुढचा प्रश्न उभा राहतो.

माझाच आवाज मला दोनदा ऐकू येतो, किंवा उशिरा.

दोनदा येत असेल तर दोन वाटांनी येतोय. इंटरफेसचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ (लॅपटॉपमध्ये न फिरवता थेट ऐकवणारी सोय) चालू आहे आणि सॉफ्टवेअरमधलं ट्रॅकचं मॉनिटरिंगही चालू आहे. मॉडेलर वापरताना डायरेक्ट मॉनिटर ठेवा, ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. तयार आवाज मॉडेलरमधूनच येतोय, तो लॅपटॉपमधून फिरवून आणायचं कारण नाही. जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप असणाऱ्यांना मॉडेलरचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. प्रोसेसरवर भार नाही, उशीर जवळपास नाही.

प्लगिनमधूनच ऐकायचं असेल तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १०२४ म्हणजे २१ च्या वर. जाता-येता मिळून खरा उशीर याहून जास्त होतो. तुलनेला, हवेतून आवाज १ मीटर यायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. १२८ वर बहुतेकांना काही जाणवत नाही, १०२४ वर ताल धरताच येत नाही. मिक्स करताना बफर परत वाढवा.

घुंऽऽ असा आवाज सतत येतो. काय काय करून पाहू?

मराठवाड्यातून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि त्याचं कारण आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये आहे.

आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घुंघुं गेली तर ती पिकअपमधून येतेय. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या मोटर, ट्रान्सफॉर्मर, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट, पंख्याचे डिमर रेग्युलेटर या सगळ्यांचं ऐकतो. खुर्ची फिरवून बसा. एका दिशेला आवाज बराच कमी होतो, तीच तुमची रेकॉर्डिंगची जागा. लॅपटॉप आणि अॅडॅप्टरपासून हातभर दूर बसा. नॉइज गेट हा शेवटचा उपाय आहे. तो सूर थांबल्यावरच गुणगुण झाकतो, वाजत्या सुराखाली ती तशीच राहते.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असूनही घुंघुं राहिली तर ती वीजपुरवठ्यातून किंवा केबलमधून येतेय. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. गेली? मग ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांची जमीन दोन वाटांनी जोडली जाऊन बनलेलं वेटोळं. आपल्या पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा जाड सूर ऐकू येतो. मॉडेलर यूएसबीनेही लॅपटॉपला जोडलेला आणि केबलने इंटरफेसलाही जोडलेला, असं असेल तर लूप हमखास होतो. रेकॉर्डिंगपुरती यूएसबी उपटा. मॉडेलर, इंटरफेस, स्पीकर, लॅपटॉप सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. काही मॉडेलरच्या एक्सएलआरजवळ ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते दाबून पाहा. एवढ्यानेही नाही गेलं तर ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर मध्ये घाला.

तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापणं किंवा दोन पिनचं कन्व्हर्टर लावणं हा उपाय बाजारात सर्रास सांगतात. तो करू नका. घुंघुं जाईलही, पण उद्या एखाद्या यंत्रात बिघाड झाला तर करंट जमिनीत जायचा तो तुमच्या हातातून जाईल. गिटारच्या तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा गिटार हातात असताना माइकला ओठ लागून चटका बसत असेल, तर रेकॉर्डिंग थांबवा आणि वायरमनला बोलवा. अनेक जुन्या वाड्यांत आणि खेड्यातल्या घरांत बोर्डावर तिसरं भोक असतं, मागे अर्थिंगची तार नसते.

अर्थिंग असलं तरी त्याला ओल लागते. मीठ-कोळसा घातलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडाठाक पडला की जमिनीचा विरोध वाढतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. पावसाळ्यात शांत असलेला सेटअप उन्हाळ्यात घुंघुं करायला लागतो, त्यामागे हे कारण असू शकतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. टँकरच्या दिवसांत हे सांगायला जिवावर येतं, पण हातपाय धुतलेलं पाणीही चालतं.

लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर रेकॉर्ड केलं तर चालेल का?

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर खरखर येणार, साइन वेव्ह असेल तर फारसा त्रास नाही. त्याहून बरा मार्ग म्हणजे लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीवर आणि मॉडेलर सेलवर. बॉस जीटी-१ आणि झूम जी१ फोर चार डबल-ए सेलवर चालतात. भिंतीशी संबंधच तुटला की ग्राउंड लूपची घुंघुं राहत नाही. लाईट असतानाही हा सेटअप सगळ्यात स्वच्छ येतो.

मॉडेलरचा अॅडॅप्टर हरवला तर दुसरा लावण्याआधी व्होल्ट, अँपिअर आणि ध्रुव तिन्ही पाहा. गिटारच्या बऱ्याच यंत्रांना मधली पिन ऋण असलेला ९ व्होल्टचा अॅडॅप्टर लागतो, बाजारात मिळणारा साधा अॅडॅप्टर बहुधा उलटा असतो. एचएक्स स्टॉम्पला तर ३ अँपिअरचा लागतो, पेडलचा छोटा अॅडॅप्टर त्याला पुरत नाही. आणि लाईट गेली की प्लग काढून ठेवा. परत येताना व्होल्टेज उसळतं, पाच मिनिटं थांबून लावा.

मे महिन्यात कूलर बंद करून बसवत नाही, पत्र्याचं घर आहे, बाहेर वरातीचा डीजे. कसं रेकॉर्ड करायचं?

गिटार बिनधास्त करा. माइकच नाही, त्यामुळे कूलरचा घरघराट, पत्र्यावरचा पाऊस, डीजे यातलं काही ट्रॅकवर येत नाही. ज्यांना खोली साउंडप्रूफ करायला जमत नाही त्यांनी मॉडेलर घ्यावा, याला माझ्या लेखी हे एकच कारण पुरेसं आहे. फक्त कूलरच्या मोटरपासून पिकअप लांब ठेवा. गायन मात्र पहाटेसाठी राखा.

मोनो की स्टिरिओ?

ऱ्हिदम आणि लीड मोनो. एक केबल, ‘एल/मोनो’ भोकात. दुसरं भोक रिकामं असेल तरच यंत्र दोन्ही बाजू एकत्र करून देतं. पिंगपाँग डिले किंवा पसरट रिव्हर्ब आवाजाचाच भाग असेल तर दोन केबल, दोन इनपुट, एक स्टिरिओ ट्रॅक. रुंदी हवी असेल तर तोच तुकडा दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. कोणत्याही स्टिरिओ इफेक्टपेक्षा ते भरीव लागतं.

नुसती कोरडी गिटारही रेकॉर्ड करून ठेवावी का?

ठेवावी. टोन नंतर आवडला नाही तर पुन्हा वाजवायला नको. हेलिक्सवर यूएसबी ७ आणि ८ या चॅनलवर कोरडा सिग्नल आपोआप मिळतो. इंटरफेसच वापरत असाल तर मॉडेलरच्या एका आउटपुटवर इफेक्टसह आणि दुसऱ्यावर कोरडा अशी वाट बांधता येते का, ते मॅन्युअलमध्ये पाहा. तो कोरडा ट्रॅक परत मॉडेलरमध्ये पाठवताना इंटरफेसच्या लाइन आउटची लेव्हल बरीच खाली आणा. मॉडेलरचं गिटार इनपुट लाइन लेव्हलसाठी नाही. रीअॅम्प बॉक्स (लाइनचा सिग्नल गिटारच्या लेव्हलवर आणणारी डबी) असेल तर उत्तम.

दोन्हीकडे एस/पीडीआयएफ आहे. ते वापरू का?

वापरा. ही आवाज डिजिटल रूपातच नेणारी जोडणी आहे, म्हणजे मधलं एक रूपांतर वाचतं. ७५ ओहमची कोअॅक्शियल केबल घ्या, दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा आणि एका यंत्राला घड्याळाचा मालक करा, दुसऱ्याला त्याच्यामागे चालवा. टकटक असे बारीक आवाज आले तर घड्याळं जुळलेली नाहीत. पण केवळ यासाठी महागडा इंटरफेस घेऊ नये.

पेटीवाल्याचा सूर आणि माझ्या मॉडेलरचा ट्यूनर जुळत नाही.

पेटी खरी माना. जुनी पेटी ट्यूनरच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही, आणि ती तिथल्या तिथे सुरात लावता येत नाही. पेटीची पांढरी सहा धरून ठेवा आणि मॉडेलरच्या ट्यूनरमधला संदर्भ ४४१, ४४२ असा सरकवत त्या सुरावर आणा, मग गिटार लावा. गायकाने काळी एक सांगितली तर पहिल्या घरात कॅपो आणि सी चे आकार. मॉडेलरमधल्या पिच शिफ्टने पट्टी बदलायचा मोह आवरा. कॉर्ड वाजवताना तो आवाज गढूळ करतो आणि थोडा उशीरही घालतो.

लॅपटॉप नाही. फोनवर जमेल का?

जमतं. मॉडेलर किंवा इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ असला पाहिजे, म्हणजे ड्रायव्हर न टाकता चालणारा. अँड्रॉइडला ओटीजी अॅडॅप्टर लागतो. इंटरफेस फोनमधूनच वीज ओढत असेल तर बॅटरी झपाट्याने उतरते किंवा तो सुरूच होत नाही, तेव्हा बाहेरून वीज देणारा यूएसबी हब घ्या. रेकॉर्डिंगआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर फोनच्या सिग्नलची टिकटिक पिकअपमध्ये येते.

केबल कुठून घ्यावी?

शहरात वाद्यांच्या दुकानातून, नाहीतर साउंडवाल्याकडून बनवून घ्या. चांगली शिल्डेड वायर आणि दणकट धातूच्या पिना आणून दिल्या तर तो समोर बसून सोल्डर करून देतो. अशी केबल डिझायनर पाकिटातल्या केबलपेक्षा जास्त वर्षं टिकते आणि तुटली तरी दुरुस्त होते. मॉडेलर ते इंटरफेस दोन्ही टोकं बॅलन्स्ड असतील तर दोन काळ्या कड्यांची पिन (टीआरएस), नसतील तर साधी. गिटार ते मॉडेलर नेहमी साधीच. स्पीकरची वायर दिसायला तशीच असते, ती तेवढी वापरू नका, तिला शिल्ड नसतं.